गाडीखालचा थेंब
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी उन्हाळी वाळवणावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे राहायला सांगितले आणि विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "मी मोटारीच्या ब्रेकवर बोलेन." त्यांना आधी थट्टाच वाटली. त्यात त्यांचा दोष नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि मोटार मला चालवता येत नाही. मी मागच्या बाकावर बसणारी बाई. पण मागे बसणाऱ्या बाईच्या मांडीवर मूल असते, शेजारी सासूबाई असतात, पायाशी डबा असतो, आणि पुढे ब्रेक नीट लागतो की नाही हे तिला कोणी सांगत नाही. तिने विचारले तर "तुला काय कळतंय त्यातलं" असे उत्तर मिळते. ते कळण्याइतके सोपे आहे, एवढेच मला आज दाखवायचे आहे.

आमची गाडी पद्मिनी. आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनी तिला फियाट म्हणूनच ओळखतील. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने या गाड्या तयार होत. हा घाट १९६४ साली आला आणि १९७४ पासून त्याला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या आपण सिनेमात पाहिल्या, त्या याच. त्यांतली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. नवी पद्मिनी कारखान्यातून बाहेर पडणे त्याच्या वीसेक वर्षे आधीच थांबले होते. म्हणजे आज बीडमध्ये काय किंवा पुण्यात काय, जी पद्मिनी दिसेल ती म्हातारीच. आमची तर चाळिशी ओलांडलेली, माझ्या बरोबरीची म्हणा ना. मामंजींनी ती दुसऱ्या मालकाकडून घेतली होती. मामंजी गेले, पण गाडी विकायची नाही असे सासूबाईंचे म्हणणे. पाच पाच वर्षांनी आर.टी.ओ.त नेऊन, तपासून, नोंदणी वाढवून घ्यावी लागते. तेवढे आमचे हे न चुकता करतात.

आता ब्रेक कसा लागतो ते सांगते. आय.टी.आय.त शिकलेल्या माझ्या भाच्याने मला ते समजावले आणि मी माझ्या पद्धतीने ध्यानात ठेवले. होळीची पिचकारी डोळ्यांपुढे आणा. पायाखालच्या पेडलला एक मोठी पिचकारी जोडलेली असते. तिच्यातून पेन्सिलीहूनही बारीक अशा लोखंडी नळ्या गाडीच्या पोटाखालून चाकांकडे जातात. प्रत्येक चाकात लहान पिचकारी असते. पायाने इकडे दाबले की तेल तिकडे ढकलले जाते, चाकातली पिचकारी ब्रेकच्या पट्ट्यांना बाहेर रेटते, आणि पट्ट्या फिरत्या डब्याला आतून घासून चाक थांबवतात. जिथे चाक वरखाली हलते तिथे लोखंडी नळी चालत नाही, म्हणून तेवढा तुकडा रबरी असतो. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून इकडचा जोर तिकडे जसाच्या तसा पोचतो. ही गोष्ट फ्रान्सच्या पास्कल नावाच्या विद्वानाने सतराव्या शतकातच सांगून ठेवली होती. मोटारीला ती लावली अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडने. त्याचे पेटंट १९१७ चे, आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग नावाच्या मोटारीला असे ब्रेक चारी चाकांना बसवले गेले.

त्या नळीत दाब किती असतो? आपल्या कुकरची शिटी होते तेव्हा आत चौरस इंचाला साधारण पंधरा पौंडांचा दाब असतो. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर नळीत हजार पौंडांपर्यंत आणि त्याच्याही वर दाब जातो. साठ कुकरांहून जास्त! कुकरची रिंग फाटली तर आपण तिला दोरा गुंडाळून डाळ शिजवीत नाही, नवी रिंग आणतो. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गेल्या फाल्गुनात एके सकाळी सडा टाकायला मी बाहेर आले. गाडी अंगणात शहाबादी फरशीवर उभी असते. मागच्या डाव्या चाकाशी रुपयाएवढा ओला डाग दिसला. रात्री पाऊस नाही, कोणी पाणी सांडलेले नाही. बोट लावले तर पातळ आणि बुळबुळीत. पेट्रोलचा वास नाही, आणि पेट्रोल असते तर उडून गेले असते. इंजिनाचे तेल म्हणावे तर ते काळे, दाट, आणि इंजिन तर पुढे. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, पाण्यात टाकून बघ." एका टाकाऊ प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी घेतले आणि काडीने तो थेंब त्यात सोडला. दुसऱ्या डब्यात इंजिनाच्या तेलाचा थेंब सोडला. इंजिनाचे तेल रश्श्यावरच्या तवंगासारखे वर तरंगले. फरशीवरचा थेंब मात्र पाण्यात मिसळून दिसेनासा झाला. साध्या गाडीच्या ब्रेकचे तेल हे असे पाण्यात मिसळते. (घरातली वाटी यासाठी घेऊ नका, ते तेल विषारी आहे. आणि गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाही तर रंग फुगून निघतो.)

ह्यांनी गाडी एका गॅरेजात नेली. तिथे बॉनेटखालच्या डबीत तेल भरून दिले आणि सांगितले की जुन्या गाडीला एवढे चालायचेच. आठवड्याने डबी पुन्हा रिकामी होत आली. भगिनींनो, ब्रेकचे तेल पेट्रोलसारखे खर्च होत नाही. पट्ट्या झिजतील तशी त्याची पातळी महिनोन्महिने थोडी थोडी उतरते, एवढेच. आठवड्यात बोटभर उतरले तर ते कुठेतरी बाहेर पडते आहे, याला दुसरा अर्थ नाही. दुसऱ्यांदा गेल्यावर त्याच गॅरेजात चाक उघडून लहान पिचकारीचे रबर बदलले, कारण चाक आतून ओले दिसत होते. पैसे दिले. तीन दिवसांनी फरशीवर पुन्हा तोच रुपया.

तेव्हा मी माझ्या परीने शोध करायचे ठरवले. रात्री गाडी उभी राहिली की तिच्याखाली वर्तमानपत्राची पाने अंथरायची, कडांवर खडे ठेवायचे आणि कोपऱ्यात तारीख लिहायची. सकाळी पाने काढून पाहायची. चौथ्या दिवशी उलगडा होऊ लागला. मोठा डाग चाकाशी होता खरा, पण त्याच्या आत, गाडीच्या मध्याकडे, वीतभर अंतरावर बारीक ठिपक्यांची एक ओळ होती. आपल्यापैकी ज्यांचे बालपण धाब्याच्या घरात गेले त्यांना हे सांगायला नकोच. माळवद गळते ते एकीकडे आणि पाणी ठिबकते ते दुसरीकडे. वरच्या भोकातून शिरलेले पाणी लाकडाच्या अंगाने वाहत जाते आणि उताराला खाली पडते. आमच्या अंगणाला डावीकडे उतार आहे. मागच्या दांड्यावर कुठेतरी पडलेले तेल दांड्याच्या अंगाने वाहत चाकापाशी येत होते, आणि चाक बिचारे फुकट बदनाम झाले.

एवढ्यात पुतणीचे लग्न आले, नेकनूरला. म्हणजे मांजरसुंब्याचा घाट आलाच. जाताना चढ, परत येताना उतार. हे म्हणाले, डबी भरून घेऊ, तेलाचा डबा बरोबर ठेवू, अठरा-वीस कोसांची तर गोष्ट, सावकाश जाऊन येऊ. मी म्हटले, मी बसणार नाही आणि पोरांनाही बसू देणार नाही. चढावर ब्रेक नसला तर चढच गाडी थांबवतो. रात्री लग्नाहून परतताना, मागे पुढे उसाच्या आणि मालाच्या गाड्या असताना, उतारावर कोण थांबवणार? सासूबाई रागावल्या. मामंजींची गाडी अंगणात असताना सुनेने एस.टी.ने वऱ्हाडात जावे, हे त्यांना कमीपणाचे वाटले. मी बोलले नाही, पण पिशव्या घेऊन स्टँडवर गेले. शेवटी सगळेच एस.टी.ने गेलो. घाटात दोन्ही वेळा माझे लक्ष खिडकीबाहेरच होते.

सोमवारी ह्यांनी दुसरे एक वयस्क मिस्त्री घरी आणले. मी त्यांच्यापुढे वर्तमानपत्रे ठेवली. ते हसले नाहीत. एकेक पान पाहिले आणि म्हणाले, "काकू, निम्मं काम झालंय." त्यांनी गाडी जॅकवर उचलली, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरले नाहीत. आधी लाकडाचे ठोकळे लावले, पुढच्या चाकांना दगडांची उटी दिली, मगच गोणपाट टाकून आडवे झाले. दांडा आणि नळ्या फडक्याने कोरड्या पुसून काढल्या, कारण सगळेच ओले असले तर नवे ओले दिसत नाही. मग मला पुढच्या आसनावर बसवले. "पेडल दाबा आणि दाबूनच धरा." मी दाबले. आधी पेडल घट्ट लागले, मग माझ्या पायाखाली हळूहळू बसू लागले, जशी ओल्या मातीत पाटी रुतते. ते म्हणाले, "आता सगळा जोर लावा." मी दोन्ही हातांनी चक्र धरून जोर लावला. खालून फस्स असा आवाज आला आणि पेडल एकदम तळाला गेले. जिना उतरताना अंधारात पुढची पायरीच नसावी, तसे झाले. फरशीवर तेलाची पिचकारी उडाली होती.

बायांनो, ते आमच्या अंगणात झाले. गाडी ठोकळ्यांवर होती.

भोक केवढे होते म्हणाल तर टाचणीच्या टोकाएवढे. पण आमच्या गाडीत एकाच मोठ्या पिचकारीतून चारी चाकांना तेल जाते. एका नळीतून ते बाहेर पडू लागले की उरलेल्या तिन्ही चाकांचा जोरही त्याच भोकातून जातो. नंतरच्या गाड्यांत तेलाचे दोन वेगळे मार्ग केले आहेत. एक फुटला तरी दुसऱ्यावर निम्मा-अर्धा ब्रेक राहतो, आणि तेल कमी झाले तर पुढे लाल दिवा लागतो. तुमच्या घरी नवी गाडी असेल तर तो दिवा कुठे आहे ते आज घरी गेल्यावर विचारून ठेवा.

मिस्त्रींनी नळी काढून दाखवली. दांड्याला ती पत्र्याच्या चिमट्याने धरलेली असते. त्या चिमट्याखाली आपली काळी माती जाऊन बसली होती. ही माती ओल धरून ठेवते हे शेतात आपल्याला बरे वाटते, लोखंडाला मात्र ते मारक. पावसाळ्यामागून पावसाळे नळी तिथे आतल्या आत गंजत गेली. शेजारचा दुसरा चिमटा तर कधीचा तुटलेला, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर नळी दांड्याला घासतही होती. वरून पाहिले तर नुसता चिखल.

पुढची बोलणी ऐकण्यासारखी झाली. ह्यांनी विचारले, तेवढा तुकडा कापून मध्ये रबरी नळी घालून वरून क्लॅम्प आवळले तर? मिस्त्री म्हणाले, "मालक, हे असं जोडून जमत नसतंय." तेव्हा मला तो साठ कुकरांचा हिशेब आठवला आणि मी तो मांडला. मग तांब्याच्या नळीची गोष्ट निघाली. तांबे हाताने सहज वळते, गंजत नाही, म्हणून काही ठिकाणी तेच घालतात. पण साधे तांबे गाडीच्या हादऱ्याने कडक होत जाते आणि एक दिवस चिरते. ब्रेकसाठी दुहेरी पत्र्याची पोलादी नळी मिळते, किंवा तांब्यात निकेल मिसळलेली खास नळी मिळते. त्यांनी पोलादी नळी छत्रपती संभाजीनगरहून मागवली. फुटक्या नळीबरोबर पलीकडच्या चाकाची नळीही बदलायची, कारण ती त्याच दिवसाची आणि त्याच चिखलात वाढलेली. रबरी तुकडा वाकवून पाहिला तर त्यावर टाचेच्या भेगांसारख्या भेगा. तोही बदलला. असा रबरी तुकडा कधी आतून फुगतो, मग गेलेले तेल परत येत नाही आणि चाक धरून राहते. बाहेरून बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

गंजलेले नट सोडवणे हे खरे चिकाटीचे काम. आदल्या संध्याकाळी त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. साध्या पान्याने ओढले तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, मग तो कोणालाच दाद देत नाही. यासाठी नटाला जवळजवळ चारी बाजूंनी धरणारा वेगळा पाना असतो. नवी नळी त्यांनी जुनीच्या बरहुकूम वळवली. आम्ही शेवया तारेवर टाकताना जसा हलका हात ठेवतो तसा, कारण नळी एकदा चिमटली की वाया गेली. मग तिचे तोंड फुलवायचे. नळीत नट आधी ओवून घेतात, आणि नळीचे टोक यंत्रात धरून आत दुमडून दुहेरी करतात, करंजीच्या मुरडीसारखे. ही मुरड जिथे बसते तिथेच तेल अडते. पहिल्या खेपेस मुरड एका बाजूला चिरली. ती चीर मला दिसली नव्हती. त्यांनी नखाने चाचपली, टोक कापून टाकले आणि पुन्हा केले. मला त्या माणसाचा भरवसा वाटला तो तेव्हा.

नळी बसली म्हणजे ब्रेक झाला असे नाही. नळीत आता हवा शिरलेली असते. तेल आकसत नाही, पण हवा आकसते. तुम्ही पेडल दाबता, हवा दबते आणि चाक तसेच फिरत राहते. पाय स्पंजावर ठेवल्यासारखा वाटतो. ही हवा काढायला दोन माणसे लागतात, आणि दुसरे माणूस मी होते. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्याकडे चक्र उजवीकडे, म्हणून मागचे डावे चाक पहिले, मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. चाकामागे एक लहान बोंडी असते. तिला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवतात. खालून हाक येते, "दाबा." आपण दाबून धरायचे. ते बोंडी ढिली करतात, पेडल खाली जाते, बाटलीत बुडबुडे येतात. ते बोंडी आवळतात आणि मगच म्हणतात, "सोडा." आवळण्याआधी पाय सोडला तर बाहेरची हवा पुन्हा आत. मुलगी बॉनेटपाशी उभी राहून डबीतले तेल पाहत होती, कारण डबी रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून. एका चाकाला वीस-पंचवीस वेळा तरी पाय दाबला असेल. आधी बुडबुडे उकळत्या दुधासारखे आले, मग एकेक, मग नुसते तेल. दुसऱ्या दिवशी माझी पोटरी धरली होती.

तेल नवे, सीलबंद डब्यातलेच भरले. बाटलीत निघालेले तेल पुन्हा घालायचे नाही. पावसाळ्यात मीठ जसे पाझरते तसे हे तेल हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ३ जातीचे नवे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा घेतलेले तेच तेल १४० अंशांच्या सुमारासही उकळू शकते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की चाक तापते, तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच. म्हणून गळती नसली तरी दोन वर्षांनी तेल बदलावे. घाटात ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरावे, म्हणजे निम्मे काम इंजिन करते. तेलाने भिजलेल्या पट्ट्या पुसून चालत नाहीत, त्याही बदलल्या, आणि एका चाकाच्या नव्हे तर दोन्ही बाजूंच्या, नाही तर गाडी एकीकडे ओढते.

शेवटी पेडल मिनिटभर दाबून धरले. बसले नाही. तीन रात्री वर्तमानपत्र अंथरले. कोरडे. मग मोकळ्या मैदानात सावकाश चालवून पाहिली आणि नंतरच रस्त्यावर काढली.

एका भगिनीने मघाशी चहाच्या वेळी विचारले की चालत्या गाडीतच ब्रेक गेला तर? पेडल भराभर, पुन्हा पुन्हा दाबावे, कधी थोडा जोर परत येतो. गिअर एकेक करून खाली आणावा. हातब्रेक स्वतंत्र तारेने मागच्या चाकांना लागतो, त्याला तेल लागत नाही. तो हळूहळू ओढावा, हिसक्याने नाही. किल्ली काढू नये, चक्र अडकते. आणि मागे बसलेल्या बाईने ओरडू नये, हे आमच्या ह्यांचे मत. ते इथे मुद्दाम सांगितले म्हणजे त्यांना बरे वाटेल.

गॅरेजात तुम्ही बरोबर गेलात तर विचारायचे एवढेच: तेल का कमी झाले? कुठून गेले ते मला दाखवता का? "भरून दिलंय" हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

आमची फुटकी नळी मी मिस्त्रींकडून मागून घेतली आहे आणि या पिशवीत आणली आहे. चिमट्याची जागा आणि भोक दोन्ही दिसतात, उजेडाकडे धरून पाहा. ती पुसून ठेवलेली आहे, तरी हातात घेतलीत तर फराळाच्या बशीला हात लावण्याआधी हात धुवा. साबण मोरीवर ठेवलेला आहे.